अगाथाचं सीरम

७ जानेवारी २०२४, रविवार

दुपारी गवार मोडायला बसले आणि ती पायरी आठवली. भाट्याच्या आमच्या मत्स्य संशोधन केंद्राची मागची पायरी, चिऱ्याची, तीननंतर सावलीत येणारी. साल त्र्याण्णव. योगिनी आणि मी कोथिंबिरीच्या जुड्या निवडत बसलो होतो. पानं आमच्या दोघींच्या घरी न्यायला, देठं अगाथाला. सुनेत्राचं सुने करून योगिनी म्हणाली, "सुने, या बयेला आपल्यापेक्षा चांगलं जेवण मिळतं." मी म्हटलं, "ती आपल्यापेक्षा जास्त काम करते." मग आम्ही चहा प्यायलो. त्या दिवशी दुसरं काही म्हणजे काही घडलं नाही. तरी तीस वर्षांनी गवार मोडताना तोच दिवस का आठवावा?

अगाथा म्हणजे आमची सशीण. पांढरीशुभ्र, आणि नजरेत कायम नाराजी. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिवणकाम शिकवणाऱ्या सिस्टर अगाथांची आठवण होऊन योगिनीने नाव ठेवलं. सिस्टरना कळलं असतं तर दोघींना बाकावर उभं केलं असतं.

योगिनी मिरकरवाड्याची. तिची आई ठमाबाई जेटीवर मासे विकायची आणि मुलीला कॉन्व्हेंटमध्ये पाठवायची. मी बागायतदाराची मुलगी, माझ्या डब्यात घावणे असायचे. योगिनीच्या डब्यात सुकी कोलीम, म्हणजे बारीक जवळा. सहावीपासून आमचे डबे अदलाबदल होत आले. पुढे ती मुंबईला जाऊन डॉक्टरेट घेऊन आली, मी बी.एस्सी. करून तिच्याच हाताखाली केंद्रात सहायक म्हणून लागले. हाताखाली हा शब्द तिला आवडत नाही. पण खरं ते खरं. तिचं डोकं, माझी उस्तवार.

नवी वही उघडायचं कारण वेगळंच आहे. सकाळी योगिनीचा फोन आला. आवाज खोल गेल्यासारखा. म्हणाली, "उद्या अवनीला घेऊन येते. तुझ्या फ्रीजमधल्या कुप्यांना आता बाहेर यायचंय."

८ जानेवारी, सोमवार

दोघी आल्या. अवनी लांज्याची, योगिनीची विद्यार्थिनी, पीएचडीचं शेवटचं वर्ष. पिंजऱ्यात वाढवलेल्या बोय माशांना गर्दीने किती ताण येतो, यावर तिचं काम आहे. चुणचुणीत आहे. बसल्या बसल्या माझे चार लाडू संपवले.

वहीत नीट लिहून ठेवते, म्हणजे मलाही स्पष्ट राहील. जीव घाबरला की मेंदूत खोल एका ठिकाणी एक संप्रेरक सुटतं. सीआरएफ म्हणतात. माणसात, सशात, माशातही. पण इतकं थोडं की दिसणं शक्य नाही. ते दाखवायचं तर नेमकं त्यालाच ओळखून चिकटणारं काहीतरी हवं. ते म्हणजे अँटीबॉडी, आणि ती अगाथाच्या रक्तात तयार झाली. आठ महिने तिला ते संप्रेरक थोडं थोडं टोचलं आणि तिचं रक्त त्याला परकं म्हणून ओळखायला शिकलं. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी राहतं ते आमचं सीरम. त्यातला एक थेंब हजार थेंबांत मिसळून माशाच्या मेंदूच्या पातळ कापावर घालायचा, मग रंग द्यायचा. ज्या पेशींत सीआरएफ असेल तेवढ्याच तपकिरी होतात. बाकी सगळं कोरं.

पहिल्यांदा त्या पेशी दिसल्या तेव्हा योगिनी सूक्ष्मदर्शक दुर्बिणीवरून उठलीच नाही. मी विचारलं, "काय दिसतंय?" म्हणाली, "माशाची भीती."

अगाथा सत्त्याण्णवला गेली. त्याआधी आणखी दोन ससे करून पाहिले होते, त्यांच्या रक्तात काही राम नव्हता. ते पंच्याण्णव साल. मी यज्ञेशच्या बाळंतपणाच्या रजेवर होते, त्यामुळे त्यांचं नक्की काय बिनसलं ते मला माहीत नाही. तेव्हा जे आहे ते अगाथाचंच, आणि ते वाढायचं नाही.

आता अडचण. अवनीचा लेख एका मोठ्या नियतकालिकाकडे गेला होता. तिथल्या परीक्षकाने, नाव कळत नाही, विचारलंय की हे सीरम सीआरएफलाच ओळखतं कशावरून? माशात सीआरएफचा एक चुलतभाऊ असतो, घडणीने तसाच. सीरम त्यालाही चिकटत असेल तर अवनीचं काम वाया, आणि योगिनीचे तीस वर्षांतले सगळे लेखही संशयात. पुरावा एकतीस मार्चपर्यंत द्यायचा.

"मॅडमनी चौऱ्याण्णवला केली होती ती परीक्षा," अवनी म्हणाली.

"केली होती, पण ते काप चिकटवलेल्या काचा बुरशीने खाल्ल्या," योगिनी म्हणाली. "कोकणातली बुरशी विद्वान असते. नेमकं महत्त्वाचं तेवढंच खाते."

मी हसले. ती हसता हसता दमली. गुडघ्यांसाठी परवा कोल्हापूरला जाऊन आली म्हणे. अंगावरचा ब्लाऊज दोन ठिकाणी आत घेतलेला. मी म्हटलं, "डाएट का गो?" म्हणाली, "हो, जोरात चालू आहे." लाडवाला हात लावला नाही.

१३ जानेवारी, शनिवार

अवनी तीन कुप्या घेऊन गेली. थर्मासमध्ये बर्फ घालून, मांडीवर धरून. बाळाला पहिल्यांदा घरी नेतात तशी रिक्षात बसली. केंद्र अठरा साली बंद झालं तेव्हा बारा कुप्या उरल्या होत्या. योगिनी म्हणाली होती, सहा तुझ्याकडे, सहाचं मी बघते. तिच्या सहा मागणाऱ्यांना देऊन संपल्या असणार. ती कधी कोणाला नाही म्हणाली नाही. म्हणजे माझ्या सहाच आता जगात शिल्लक. या विचाराने दिवसभर उगाच अभिमान वाटत राहिला.

२० जानेवारी, शनिवार

अवनीचा चेहरा बघूनच कळलं. तपकिरी पेशी फिक्या, असून नसल्यासारख्या, आणि सगळा काप मळकट. तिन्ही कुप्या तशाच.

चहा पिता पिता तिने सहज विचारलं, "मावशी, तुमचा फ्रीज फ्रॉस्ट-फ्री तर नाही ना?"

"म्हणजे?"

"त्यात बर्फ साठू नये म्हणून वरचा कप्पा मधूनमधून आपोआप थोडा गरम होतो. आपल्याला कळत नाही. पण सीरम दर वेळी जरासं वितळतं आणि पुन्हा गोठतं. असं सारखं झालं की अँटीबॉडी खराब होतात."

"छे गो," मी म्हटलं. "जुनाच आहे आमचा."

जुना फ्रीज २०१९च्या दिवाळीत भंगारात गेला. हा यज्ञेशने पुण्याहून पाठवला. मीच त्याला फोनवर म्हटलं होतं, आता सुरीने बर्फ खरवडायला नको, सुख झालं.

खोटं का बोलले? त्रेसष्ट वर्षांची बाई मी. मुलीच्या वयाच्या पोरीसमोर तोंडातून खोटं निघालं, आणि वर मी तिला चिवडा बांधून दिला.

२१ जानेवारी

सकाळी वरचा कप्पा उघडून पाहिला. स्वच्छ. बर्फाचा कण नाही. चार वर्षं याचंच कौतुक करत होते.

४ फेब्रुवारी, रविवार

योगिनीकडे गेले. मिरकरवाड्यात तिचा भाऊ रघू आणि ती शेजारी शेजारी राहतात. ती गाऊन घालून खिडकीत बसली होती, पुढ्यात पेजेची वाटी, वर साय धरलेली. कोल्हापूरच्या डॉक्टरांची जाड फाइल मी गेल्यावर तिने उशीखाली सारली. गुडघ्यांची एवढी जाड फाइल! आजकाल कशाच्याही शंभर तपासण्या करतात.

खाली जेटीवर लिलाव चालू होता, त्या गलक्यात ती हळू बोलली, "सुने, मला वाटतं परीक्षकाचं बरोबर असेल."

"काय बरोबर?"

"सीरम कधी चांगलं नव्हतंच कदाचित. चांगलं असतं तर असं मळकट आलं नसतं. मी बघितलं ते मला बघायचं होतं म्हणून दिसलं असेल. तीस वर्षं. लोकांनी माझ्या भरवशावर पुढचं काम केलं."

मी म्हटलं, "काहीतरीच. तुझ्याइतकं कडक कोणी स्वतःला तपासत नाही."

"पुरावा कुठे आहे?"

तो माझ्या फ्रीजमध्ये मेला, हे मी म्हटलं नाही. पेज गरम करून आणली. तिने दोन चमचे घेतले, माझ्या समाधानासाठी.

५ फेब्रुवारी

शाळेत शुक्रवारी कॅथलिक मुली कन्फेशनला जायच्या. योगिनी आणि मी बाहेर चिंचेखाली बसून त्यांची वाट बघायचो. जाताना चेहरे ओढलेले, येताना हलके. मला हेवा वाटायचा. आपल्यात अशी सोय नाही. आपल्याला थेट ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडेच जावं लागतं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

गेले. चप्पलसुद्धा नीट काढली नाही. "योगिनी, माझा फ्रीज फ्रॉस्ट-फ्री आहे. चार वर्षं. अवनीने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. सीरम तुझं चांगलंच होतं, मी मारलं."

 मला वाटलं, आता रडेल किंवा ओरडेल. तिचे खांदे हलायला लागले. हसत होती. हसता हसता खोकला आला, पाणी दिलं, पाण्यातही हसली.

"यज्ञेशने पाठवलेला तो? आईचे हात दुखतात म्हणून?"

"तोच."

"म्हणजे तुझ्या लेकाने प्रेमाने मारलं बिचारीला." मग माझा हात धरून म्हणाली, "सुने, अगो, तुला कळतंय का तू काय सांगितलंस? दोन आठवडे मी इथे बसून स्वतःला खोटी ठरवत होते. सीरम खोटं नाही. फ्रीज खोटा."

"पण ते संपलं ना आता."

"कोण म्हणतं? रघू! ए रघ्या!"

रघू भिंतीपलीकडून ओरडला, "काय गो ताय?"

"तुझ्याकडे माझा एक डबा आहे. आहे की कोलंबीबरोबर दुबईला पाठवलास?"

ज्या तिने वाटून टाकल्या असं मला वाटत होतं, त्या सहाही कुप्या तिने भावाच्या माशांच्या शीतगृहात ठेवल्या होत्या. तिथे वजा अठरा, वर्षाचे बारा महिने. वीज गेली तर जनरेटर, कारण परदेशी जायचा माल. म्हणाली, "विद्यापीठांचे फ्रीझर बंद पडतात. माझा भाऊ कोलंबी खराब होऊ देत नाही." तिला वाटत होतं, माझ्या कुप्या वाईट निघाल्या म्हणजे त्याच रक्ताच्या त्याही वाईट असणार. म्हणून त्यांचं नावच काढलं नव्हतं.

अशी माणसं किती असतील? मी चार वर्षांचं पाप घेऊन गेले आणि तिने पहिली गोष्ट काय पाहिली, तर त्यातून काय सिद्ध होतं.

अवनीलाही फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, मावशी. तुम्ही चिवडा फार बांधलात."

८ फेब्रुवारी, गुरुवार

शीतगृहात गेलो, अवनी आणि मी. रघूने आपल्या कामगारांचे जाड कोट आम्हाला चढवले. माझा घोट्यापर्यंत आला. "सुनेताय, झक्कास दिसतेस," म्हणाला. "उद्यापासून ये कामाला, पॅकिंगला माणूस नाय."

दार उघडल्यावर पांढरी वाफ अंगावर आली. कोलंबीच्या लाद्यांच्या थप्प्या छतापर्यंत. सगळ्यात आतल्या कोपऱ्यात लाकडी फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, दोरीने बांधलेला.

"ताय म्हनली व्हती, रघू, हा माझा दागिना हाय, कुनाला दाकवू नको. मी म्हटलं, आता दागिने कोलंबीत ठेवायला लागलीस काय? सहा वर्सं हात लावलेला नाय. पावसाळ्यात मशीन सर्विसला बंद केलं, तवा डबा दुसऱ्या खोलीत हलवला, तोसुद्धा बर्फात घालून, आपल्या हातानं."

डबा उघडला. सहा कुप्या, पण एकावरही चिठ्ठी नाही. गोंद सुटून सगळ्या डब्याच्या तळाशी, शाई पुसलेली. अवनी घाबरलीच. कुठली कसली कळणार कशी?

मला हसू आलं. चिठ्ठ्या थंडीत टिकत नाहीत हे मला तेव्हाच माहीत होतं, म्हणून मी प्रत्येक कुपीच्या गळ्याला भरतकामाचा दोरा गुंडाळून गाठ मारत असे. अगाथाचं टोचल्यानंतरचं सीरम, त्याला लाल. टोचायच्या आधी, तिला काही माहीत नसताना काढलेलं सीरम, त्याला पांढरा. पाच लाल, एक पांढरी. गाठी जशाच्या तशा. सिस्टर अगाथा म्हणायच्या, भरतकाम उलट बाजूनेही तितकंच नीट दिसलं पाहिजे.

अवनी एकेक गाठ बघत राहिली. "मावशी, हे कुठे लिहून ठेवलंय?"

"यात काय लिहायचंय? दोरा तर आहे."

निघताना रघू म्हणाला, "काय हाय ते बिगीन करा, सुनेताय. लवकर." शिमग्याला त्याचे सगळे कामगार गावाला जातात, त्याची घाई असणार. पण डोळे का पुसले कोण जाणे. बाहेर आल्यावर आमच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, थंडीने.

२६ फेब्रुवारी, सोमवार

चुलतभाऊ आज कुरियरने आला. चिमूटभर पांढरी पूड, आणि पेटी केवढी!

योगिनीचं म्हणणं, सगळं मी करायचं. मी म्हटलं, "अवनी शिकलेली आहे, तिला करू दे. मी सहा वर्षांत पिपेट धरली नाही." तर म्हणाली, "अवनी शेजारी उभी राहून बघेल. हात तुझा पाहिजे."

मग अवनीला सांगत बसली, मी गरम पाण्याच्या पिशवीत तेल घालत होते तरी ऐकू येत होतं. "मी जवळ गेले की अगाथा पिंजऱ्यात आपटायची. मी मासेवाली ना, हाताला वास. सुई टोचायची ती हिने. कानाच्या शिरेतून रक्त काढायचं ते हिने. मांडीवर घेऊन शाळेतलं प्रार्थनागीत गुणगुणायची आणि ती सशीण झोपून जायची. ताणाचं संप्रेरक टोचत होतो, आणि जनावराला ताण म्हणून नाही! त्या दुसऱ्या दोन सशांच्या वेळी ही नव्हती."

ती अशीच. स्वतःचं मोठेपण दुसऱ्याच्या पदरात टाकायची सवयच तिला. मी फक्त धरायचे.

(गरम पाण्याच्या पिशवीत तेल! वर तसंच लिहिलंय. पाणी. लक्ष कुठे होतं माझं.)

घरी पिपेट आणलीय. साध्या पाण्याने थेंब टाकून बघते. पन्नास टाकले, पन्नास सारखे आले.

२ मार्च, शनिवार

अवनीच्या प्रयोगशाळेत सुरुवात केली. चार वाट्या. पहिलीत नुसतं लाल दोऱ्याचं सीरम. दुसरीत तेच सीरम, पण त्यात आधीच शुद्ध सीआरएफ मिसळलेलं. अँटीबॉडी खऱ्या असतील तर त्यातच गुंतून पडतील, रंगवायला एकही उरायची नाही, म्हणजे काच कोरी यायला हवी. तिसरीत सीरम आणि चुलतभाऊ. सीरम त्याला ओळखत नसेल तर तपकिरी पेशी तशाच दिसतील. चौथीत पांढऱ्या दोऱ्याचं, त्यात ती अँटीबॉडीच नाही, म्हणून ती काचही कोरीच यायला हवी.

योगिनी याला पुसण्याची परीक्षा म्हणते. आपण जे आयुष्यभर पाहिलं ते पुसलं जातं का, हे पाहायचं. पुसलं गेलं तर ते खरं होतं.

३ मार्च, रविवार

कापांवर थेंब घातले. चोवीस काप. बोटं स्थिर होती. अवनी शेजारी श्वास धरून उभी. मी म्हटलं, "श्वास घे गो, काचेवर वारा नाही जायचा."

४ मार्च, सोमवार

योगिनी स्वतः आली. रघूने रिक्षेतून उतरवून जवळजवळ उचलूनच आत आणली. मी रागावले, अवनी फोटो पाठवणारच होती. ती म्हणाली, "फोटो बघायला मी काय नातेवाईक आहे?"

रंग चढल्यावर काचा वाळवल्या. पहिली दुर्बिणीखाली ठेवली. तपकिरी पेशी, ठसठशीत, शेपटी फुटलेल्या, जणू कोणी बारीक टाक्याने विणल्यात. तशाच. तीस वर्षांपूर्वीसारख्याच. तिसरी, चुलतभावाची, हुबेहूब पहिलीसारखी. पांढऱ्या दोऱ्याची कोरी.

दुसरी राहिली होती. ती मी सगळ्यात शेवटी ठेवली आणि बघायचं धाडस झालं नाही. योगिनीला जागा दिली.

ती बघत राहिली. काच सरकवली, पुन्हा बघितलं. पहिल्या काचेवर घालवला नव्हता एवढा वेळ तिने या काचेवर घालवला. अवनीने विचारलं, "मॅडम, काय दिसतंय?"

"काही नाही," योगिनी म्हणाली. "काहीच नाही गो. एकसुद्धा नाही." आणि तिचा चेहरा कन्फेशनहून आलेल्या मुलीसारखा झाला होता.

अवनी रडत सुटली. मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, "वेडे, आता तर पीएचडी झालीच तुझी." ती आणखीनच रडली. नवी पिढी हळवी आहे.

६ मार्च, बुधवार

योगिनीने मला बोलावून घेतलं आणि उशीखालची फाइल हातात दिली.

पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं नाही. स्वादुपिंड. डिसेंबरची तारीख. 

"गुडघे," मी म्हटलं.

"गुडघे ठीक आहेत."

रघूला माहीत होतं. अवनीला माहीत होतं. मीच एक कोल्हापूर, डाएट, ब्लाऊज सगळं बघत होते आणि लिहीतही होते. मागची पानं उलटून पाहिली आत्ता. सगळं माझ्याच अक्षरात आहे.

मला राग आला. खूप आला. मी म्हटलं, "पन्नास वर्षांची ओळख आपली. मला शेवटी?"

"तुला आधी सांगितलं असतं तर तुझा हात हलला असता, सुने. मला तुझा हात हवा होता."

"आणि मी? मला काय हवं होतं?"

तिने फाइल माझ्या हातातून घेऊन मिटली. मग म्हणाली, "ते विचारायचं राहिलं. ते माझं चुकलं." आयुष्यात पहिल्यांदा तिने कारण दिलं नाही, नुसतं चुकलं म्हणाली. मग भांडायचं तरी काय?

थोडा वेळ पलंगावर तिच्या पायाशी बसले. म्हणाली, "काहीतरी बोल." मी म्हटलं, "पेज कोण करतं तुझी? पाणी पाणी असते." "वहिनी." "उद्यापासून मी आणणार." "मीठ कमी घाल," ती म्हणाली.

१७ मार्च, रविवार

अवनीने उत्तर पाठवलं. चारही काचांच्या तसबिरी, आणि लेखावर तीन नावं. मधलं माझं. मी म्हटलं काढ, मी कुठली संशोधक? अवनी म्हणाली, "मॅडम म्हणाल्या, तुम्ही असं म्हणाल, आणि तेव्हा ऐकू नको."

रोज पेज नेते. कधी चार चमचे, कधी एक. सीआरएफबद्दल एक गोष्ट ती काल म्हणाली, ती लिहून ठेवते. हे संप्रेरक वाईट नाही. भीती वाटली म्हणून ते सुटतं खरं, पण ते सुटतं ते जीवाने उभं राहावं म्हणून. ते नसेल तर मासा घाबरणारही नाही आणि पळणारही नाही.

"तुला भीती वाटते?" मी विचारलं.

"वाटते की. ती जागा कुठे आहे तेवढं मला ठाऊक आहे. बाकीच्यांना तेही नसतं."

२२ मार्च, शुक्रवार

अजून नियतकालिकाचं उत्तर नाही. योगिनी म्हणाली, उत्तर येईल तेव्हा येईल, कुप्यांचं आज ठरवू. उद्यापासून शिमग्याची धावपळ, रघू सापडायचा नाही. दुसरा कागद जवळ नव्हता, माझी ही वही पिशवीत होती. तिने सांगितलं, मी लिहिलं. मध्ये दोनदा थांबली, मी मान वर केली नाही. हात हलू दिला नाही.

तिने सांगितलं ते असं.

लाल दोऱ्याची उघडलेली कुपी आणि एक बंद कुपी, अवनीला. लहान लहान भाग करून ठेवावेत. एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये.

एक बंद कुपी कोचीच्या मुलीला. २०१६ साली तिने दोनदा पत्र लिहिलं होतं आणि केंद्राच्या परवानग्यांपायी आपण देऊ शकलो नाही. आता ती मुलगी राहिलेली नसेल. तरी शोधून द्यावी.

एक बंद कुपी रघूच्या शीतगृहात, त्याच डब्यात. जो कोणी कामासाठी मागायला येईल त्याला त्यातून द्यायचं. विकायचं नाही. रघूने माणसाकडे बघून ठरवू नये, काय काम आहे ते विचारावं आणि अवनीला फोन करावा.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमधल्या सहाही कुप्या फेकू नयेत. अवनीने पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या आणि स्वतःकडच्या चांगल्या सीरमचा एक भाग, असं शेजारी शेजारी रंगवून दाखवावं. यज्ञेशला यातलं काही सांगू नये.

माझी दुर्बीण आमच्या कॉन्व्हेंटला. मुलींना हात लावू द्यावा, कपाटात बंद करू नये, अशी अट घालावी.

पांढऱ्या दोऱ्याची कुपी सुनेत्राला. (मी म्हटलं, मला कशाला, ती तर कशालाच चिकटत नाही. योगिनी म्हणाली, "तीच शेजारी नसेल तर लालवर कोण विश्वास ठेवणार? लिही.")

राहिली ती सगळ्यात भरलेली कुपी. ती ज्यांनी शंका घेतली त्यांना. नाव माहीत नाही, संपादकांमार्फत पाठवावी. सोबत सीआरएफ आणि चुलतभाऊ, दोन्ही पुड्या द्याव्यात, म्हणजे आमच्या तसबिरींवर भरवसा न ठेवता त्यांना स्वतः पुसून पाहता येईल. चिठ्ठीत फक्त आभार लिहावेत. थर्माकोलची पेटी रघू देईल. ती कोरी मागून घ्यावी, कोलंबीची नको.